टेप चांगली आहे

रुझारबाबनं तारवावरून उतरताना
रबराच्या कळांचा एक काळा डबा आणला
आणि सोबत कॅसेट. वरच्या कागदावर दीपगृह,
खाली मुंगीच्या अक्षरांत पत्ता:
टिन लँटर्न, ४१ टॅनर्स रो, ब्रिस्टल.

म्हापशाच्या बाजारात, केळीवाल्यांच्या मागच्या गल्लीत
पप्पांचं दुकान, सातेरी रेडिओ.
त्यांनी कॅसेट घातली, कान लावला,
म्हणाले, “बिघडलीय. आत रातकिडे भरलेत.”
रुझारबाब हसला. “न्हय रे, तो खेळ.”

पाच मिनिटं ती किंचाळायची.
टीव्हीच्या काठांवर निळे-पिवळे पट्टे धावायचे,
वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.
पप्पा स्क्रूड्रायव्हरनं हेडचा कोन
केसभर हलवायचे, डोळे मिटून,
तंबोरा लावावा तसे.
मग उमटायचा तो: मूठभर ठिपक्यांचा माणूस,
हातात कंदील,
आणि वर चढत गेलेल्या चाळीस खोल्या.

मी तेरा वर्षांची. एकोणचाळिसाव्या खोलीत पोचले
त्या दिवशी बोडगेश्वराची जत्रा होती
आणि मी गेले नाही.
दार उघडेना. किल्ली होती. दार उघडेना.
महिनाभर उघडेना.

शेवटी पत्र लिहिलं. इंग्रजी तपासायला
कुतिन्यो टीचरांकडे गेले.
त्यांनी दोन स्पेलिंगं सुधारली
आणि विचारलं, कुणाच्या घरचं दार?

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. खरंच आलं.
कुणी नॉर्मन प्लेफेअर. टाइप केलेलं, सहीवर चहाचा डाग.
चूक आमची आहे. चाळिसावी खोली
आम्ही बांधलीच नाही, नाताळ तोंडावर होता.
पुढच्या भागात नक्की. सोबत बिल्ला पाठवतो.
पत्र्याचा कंदील, टाचणीसकट.
तो मी गणवेशावर लावला
आणि पहिल्याच तासाला काढावा लागला.

रुझारबाब दर फेरीला बातमी आणायचा.
वरच्या मजल्यावर आता तीस पोरं बसतात.
खाली गालिच्यांचं दुकान होतं, तेही घेतलं त्यांनी.
मालकाकडे लाल गाडी आहे, चालवता अजून येत नाही.
मासिकात पानभर जाहिरात: लवकरच, चाळिसावी खोली.
पुढच्या अंकात दोन पानं: लवकरच.
त्याच्या पुढच्यातही लवकरच,
अक्षरं तेवढी मोठी.

माझं दुसरं पत्र परत आलं.
पाकिटावर जांभळा शिक्का, या पत्त्यावर कोणी नाही.
पोस्टमन चहा पिता पिता म्हणाला,
एवढं लांब जाऊन घरी आलं,
शहाणं पत्र आहे तुझं.

रुझारबाब पाहून आला होता. शटर अर्धं.
चाकांच्या खुर्च्या ट्रकात चढत होत्या,
एक घरंगळत उतारावरून खाली गेली
आणि तिला आणायला कुणी गेलं नाही.
नॉर्मन असेल, नसेल, एक जण
फूटपाथवर खोकं मांडीवर घेऊन बसला होता,
न खपलेल्या कॅसेटी, दोन पौंडांत सगळ्या.
“पुसून वापर,” म्हणाला म्हणे. “टेप चांगली आहे.”

टेप चांगलीच होती.
पप्पांनी मोडलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावली
आणि वर्षानुवर्षं त्या भरल्या:
शिवोलीचा जागोर, मावशीच्या मांडावरचे धालो,
आरोंदेकरांच्या लग्नातलं भांडण, जेवणाआधीचं आणि नंतरचं,
एकदा तर माइक तपासायला नुसताच
चोनकाचा भाव करणारा स्वतःचा आवाज.

ती मी काल लावली. दुकानात आता मोबाईलची कव्हरं.
पप्पा म्हणतात, चारशे? चारशेत होडी घेईन मी.
मासेवाली हसते. एक कावळा.
मग टक्, बटण सुटतं,
आणि त्याच्या मागून, पुसायच्या राहिलेल्या फितीवर,
रातकिडे उठतात.

“बिघडलीय का गं?” भाचीनं विचारलं.
गप, म्हटलं.
चढतोय तो.